टाकोसाठी चिकनचा मसालेदार खिमा: पाणी सुटू न देता, कोरडाही न पाडता

टाको, म्हणजे मक्याच्या मुडपलेल्या पोळीत सारण भरून खायचा मेक्सिकन पदार्थ, घरी करायला घेतला की बहुतेकांचं सगळं लक्ष त्या कुरकुरीत शेलवर (म्हणजे त्या पोळीवर) आणि वरच्या चीझवर असतं. आतला खिमा मात्र असाच उरकतात, म्हणजे कांदा-टोमॅटो परतला, चिकन टाकलं, पाकिटातला मसाला भुरभुरला, झाकण ठेवलं, झालं. मग टाको उचलला की खालून लाल पाणी मनगटापर्यंत ओघळतं, शेल मधेच मोडतो आणि चिकन उकडल्यासारखं लागतं. आमच्याकडे गोव्यात फोंड्याला मुलाच्या वाढदिवशी दहा-बारा पोरं जेवायला होती तेव्हा अगदी हेच झालं. एका दुकानातून एक किलो तयार खिमा आणला होता, तो कढईत पडल्या पडल्या एवढं पाणी सुटलं की पुढचा अर्धा तास तो त्याच पाण्यात रटरटत राहिला आणि शेवटी पांढुरक्या गोळ्या तेवढ्या उरल्या. पोरांनी बिचाऱ्यांनी खाल्लं, पण मला दोन दिवस चैन नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षं करत करत मला जे कळलं ते हे की चिकनच्या खिम्यात सगळा खेळ पाण्याचा आहे. आधी त्यातलं पाणी जाऊ द्यायचं, खिमा खरपूस करून घ्यायचा, आणि मग आपल्याला हवं तेवढंच पाणी मसाल्याबरोबर परत घालायचं. हा क्रम नीट सांभाळलात तर मसाला थोडा इकडेतिकडे झाला तरी खिमा चांगलाच होतो. म्हणून खाली मी प्रमाणापेक्षा क्रमावर जास्त बोलणार आहे, कंटाळू नका.

प्रमाण सगळं अर्धा किलो खिम्याचं आहे, त्यात दहा ते बारा टाको होतात, चार माणसांना पुरतात.

खिमा कुठला आणि कसा आणायचा

चिकनवाल्याकडे जाऊन नुसतं "खिमा द्या" म्हणू नका. पुष्कळदा ब्रेस्टचाच खिमा मिळतो, आणि ब्रेस्टमध्ये चरबी फारच कमी, त्यामुळे जरा आच जास्त झाली की तो भुशासारखा कोरडा लागतो. मांडीचं मांस घ्या. लेगपीस निवडा, कातडी आणि हाडं काढून घ्या, आणि समोर उभं राहून एकदाच मशीनमधून काढायला सांगा, दोनदा नको, दोनदा काढला की पेस्ट होते. एक किलो लेग आणलेत तर हाडं-कातडी जाऊन साधारण साडेपाचशे-सहाशे ग्रॅम खिमा हातात येतो. हाडं टाकू देऊ नका, पिशवीत वेगळी बांधून मागून घ्या, ती पुढे लागणार आहेत. मांडीचा खिमा मिळतच नसेल तर अर्धा ब्रेस्ट अर्धी मांडी चालेल.

गावठी कोंबडी ह्याला अजिबात नको. तिचं मांस चिवट, तिला वेळ द्यावा लागतो, तिची शागुतीच (आपला तो भाजलेल्या मसाल्याचा आणि खोबऱ्याचा गोव्याकडचा रस्सा) करावी. इथे ब्रॉयलरच बरी.

घरी खिमा करायचा असेल तर बोनलेसचे इंचभर तुकडे करून ताटात पसरून फ्रीझरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, बाहेरून कडक व्हायला लागले पाहिजेत पण दगड नको. मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात मूठ-मूठभर टाकून एक-एक सेकंदाचे पाच-सहा झटके द्या. मिक्सर सलग फिरवलात तर पातं गरम होतं, चरबी वितळते आणि चटणी होते. सुरीनं बारीक चिरलात तर सगळ्यात उत्तम, जरा जाडसर राहतो आणि दाताखाली मांस आहे हे कळतं, पण ते रविवारचं काम.

आता धुण्याचं. आपल्याकडे चिकन धुतल्याशिवाय कोणी कढईत टाकत नाही, माझ्या आईलाही पटत नाही, पण नळाखाली कच्चं चिकन धुतलं की त्याचे शिंतोडे सिंकभर, शेजारच्या भांड्यांवर, ओट्यावर उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही पसरतात, पोट बिघडवणारे. मरतात ते आचेनं, पाण्यानं नाही. तरीही मन मानत नसेल तर तुकडे असतानाच पातेल्यातल्या पाण्यात हळूच बुडवून काढा, पुसा, सिंक साबणानं धुवा आणि मग खिमा करा. झालेला खिमा मात्र कधीच धुऊ नका, तो स्पंजसारखं पाणी पितो आणि मग कितीही पिळलात तरी सोडत नाही. त्या वाढदिवसाच्या खिम्याचं बहुतेक तेच झालं असणार.

आणलेला खिमा ताटात किचन टॉवेलवर किंवा स्वच्छ सुती फडक्यावर पसरा, वरून दुसऱ्यानं दाबून टिपा. वेळ असेल तर ताट तसंच उघडं फ्रीजमध्ये तासभर ठेवा, फक्त खालच्या कप्प्यात, म्हणजे थेंब कशावर पडणार नाही. फडका वापरलात तर लगेच गरम पाण्यात साबण घालून उकळा.

नुसत्या ब्रेस्टचाच खिमा असेल तर एक युक्ती आहे. पाव टीस्पून खायचा सोडा एक टेबलस्पून पाण्यात विरघळवून अर्धा किलोला हलक्या हातानं लावा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. सोड्यानं मांसाचा आंबटपणा कमी होतो, मग ते शिजताना कमी आक्रसतं, आतलं पाणी धरून ठेवतं आणि रंगही लवकर धरतं. पाव टीस्पूनच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते. मांडीच्या खिम्याला ह्याची गरज नाही.

मीठ आत्ता लावू नका. सीख कबाबला आपण खिमा मीठ घालून मळतो ना, चिकट होऊन सळीला धरून राहावा म्हणून? मीठ मांसातली प्रथिनं विरघळवतं आणि ती एकमेकांना चिकटतात. इथे आपल्याला नेमकं उलटं, सुटा खिमा हवाय. तेव्हा मीठ कढईत, तेही खिमा फोडून झाल्यावर.

मसाल्यातली मोठी गफलत

इंटरनेटवरच्या रेसिपी बहुतेक अमेरिकन असतात (तिकडे हाच खिमा टर्कीचा पण करतात) आणि त्यात "दोन टेबलस्पून चिली पावडर" असं लिहिलेलं असतं. ते आपलं लाल तिखट नव्हे!! अमेरिकेत चिली पावडर म्हणून जी डबी मिळते तो तयार मसाला असतो, सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण सगळं एकत्र केलेला. तिथलं माप बघून आपलं तिखट दोन टेबलस्पून घातलं तर ते पोरं सोडा, मोठ्यांनाही खाववणार नाही. माझ्या एका मैत्रिणीनं केलं होतं, सगळा खिमा वाया गेला, म्हणून एवढ्या ठासून सांगतेय.

माझं माप असं:

काश्मिरी मिरची पावडर १ टेबलस्पून
भाजून कुटलेलं जिरं २ टीस्पून
धणे पावडर १ टीस्पून
सुकं ओरेगॅनो १ टीस्पून
काळी मिरी अर्धा टीस्पून, ताजी कुटलेली
दालचिनी पावडर चिमूटभर, खरोखर चिमूटभरच
मीठ १ टीस्पून, शेवटी चाखून कमीजास्त

ह्याशिवाय एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून, लसणीच्या सहा-सात पाकळ्या ठेचून, दोन टेबलस्पून टोमॅटो पेस्ट किंवा दोन पिकलेले टोमॅटो किसून, तेल, अर्धा कप स्टॉक (हाडं उकळून गाळलेलं पाणी) किंवा साधं पाणी, एक टीस्पून मक्याचं पीठ आणि शेवटी माडाचं व्हिनेगर.

जिरं जास्त वाटेल, पण टाकोच्या खिम्याचा जो ओळखीचा वास आहे तो जिऱ्याचाच. आलं नको, गरम मसाला नको, बडीशेप नको, खोबरं तर नकोच. सासूबाईंनी पहिल्यांदा कढईत डोकावून विचारलेलं, "अगो, ह्यात नारळ नाही? मग घट्ट कसं होणार?" आपला हात सवयीनं त्या डब्यांकडे जातोच, आवरायचा. लवंग-जायफळ-खसखस एकदा आत गेली की ती शागुती झाली, चांगली लागेल पण टाको लागणार नाही.

मिरचीबद्दल थोडं जास्त बोलते कारण इथे आपण गोंयकार खरंच नशीबवान आहोत. मिरची मूळची मेक्सिकोकडचीच. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्याच जहाजांतून ती अमेरिका खंडातून आपल्या किनाऱ्यावर उतरली, मग इथून आत देशभर गेली. आणि जिरं-धणे उलट्या दिशेनं, स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोला गेले. म्हणजे ह्या खिम्यात मिरची त्यांची आपल्याकडे रुळलेली आणि जिरं आपल्या ओळखीचं त्यांच्याकडे रुळलेलं, म्हणूनच बहुधा पहिल्या घासाला परका वाटत नाही.

तर पावडरपेक्षा चांगलं हवं असेल तर सुक्या मिरच्यांचं वाटण करा, मेक्सिकोतही असंच करतात. सहा-सात काश्मिरी किंवा ब्याडगी मिरच्या, देठ मोडून बिया झटकायच्या, कोरड्या तव्यावर मंद आचेवर वीस-तीस सेकंद उलटसुलट करायच्या, फुगून वास आला की लगेच उतरवायच्या, काळी झाली ती फेकायची कारण एक जळकी मिरची अख्खं वाटण कडू करते. मग गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून त्यातलंच दोन-तीन चमचे पाणी घालून एकदम गुळगुळीत वाटायच्या. तिखटपणा हवा असेल तर त्यात एक-दोन हरमलच्या नाहीतर काणकोणकडच्या खोल्याच्या मिरच्या टाका, ह्या दोन्ही गोव्याच्या मिरच्यांना जीआय (त्या त्या भागाचीच खास वस्तू म्हणून सरकारी नोंद) मिळालेलं आहे आणि दोघींची चव वेगळी आहे. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करायच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मिरच्यांचे ढीग असतात, तेव्हाच वर्षाची बेगमी करून ठेवा, पावसात मिळते ती मऊ पडलेली असते.

ओरेगॅनोचं असं आहे की मेक्सिकन ओरेगॅनो हे पिझ्झावरच्या ओरेगॅनोपेक्षा वेगळंच झाड आहे, त्याच्या वासात जरा लिंबाची छटा असते. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. पिझ्झाच्या पाकिटातलं चालतं, तळहातावर चोळून घाला. पण कुंडीत पानओवा असेल, तो जाड लुसलुशीत पानांचा, तर त्याची दोनच पानं अगदी बारीक चिरून शेवटी घाला, वास फार जवळचा येतो. दोनच हं, चार घातलीत तर सर्दीचा काढा प्यायल्यासारखं लागेल.

आता कढईवर

भांडं जड आणि रुंद हवं. बिडाची कढई किंवा जाड लोखंडी तवा उत्तम, दहा-बारा इंची. नॉनस्टिकवर होतो पण तो फार तापवता येत नाही, मग खिमा खरपूस होत नाही. भांडं लहान असेल तर दोन घाण्यांत करा, आळस नको, कारण गर्दी झाली की वाफ बाहेर पडायला जागा राहत नाही आणि पुन्हा तेच, चिकन स्वतःच्याच पाण्यात उकडतं.

गॅस मोठा करून कढई दोन-तीन मिनिटं तापू द्या, मग एक टेबलस्पून तेल, ब्रेस्ट असेल तर दोन. शेंगदाण्याचं किंवा कुठलंही रिफाइंड. खोबरेल नको, त्याचा वास जिऱ्याच्या वर जातो. तेलाला लाटा दिसायला लागल्या, धूर यायच्या जरा आधी, की खिमा घाला आणि उलथण्यानं दाबून थालीपीठासारखा सपाट पसरा. अर्धा सेंटीमीटर, फार तर एक सेंटीमीटर जाड. आणि मग हात मागे घ्या. चार मिनिटं त्याला हात लावायचा नाही. हेच सगळ्यात कठीण आहे, आपल्याला सतत ढवळायची सवय.

ह्या चार मिनिटांत बघू नका, ऐका. खिमा पडला की मोठा चर्र आवाज येतो. आच पुरेशी असेल तर थोड्या वेळात तो बारीक, कोरडी चरचर होतो, तळणीसारखा. तोच जर मऊ रटरट, बुडबुड झाला तर समजा पाणी साचलंय. घाबरू नका, गॅस पूर्ण मोठा करा, खिमा एका बाजूला ओढा आणि कढई जरा कलती करून पाणी मोकळ्या जागेत आटू द्या. पाणी असेपर्यंत कढईचं तापमान शंभर अंशांच्या वर जातच नाही, आणि मांसाला तो तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास यायला साधारण एकशे चाळीसच्या वर जावं लागतं. म्हणून पाणी आटेपर्यंत रंग येणार नाही, कितीही वेळ ठेवा.

चार मिनिटांनी एक कोपरा उचलून बघा. खालची बाजू पोळीवरच्या डागांसारखी तपकिरी झाली असली पाहिजे. झाली असेल तर मोठे मोठे तुकडे करून उलटा, दोन मिनिटं ठेवा, मग उलथण्याच्या धारेनं फोडायला लागा. फोडताना वाटाण्याएवढे कण ठेवा, रवा करू नका. सगळा खिमा तपकिरी व्हायला नको, अर्धा झाला तरी पुरे, बाकीचा नुसता पांढरा पडला तरी चालेल, कारण सगळा खरपूस करायला गेलात तर कोरडा पडतो. आता अर्धं मीठ टाका, हलवा, ताटलीत काढून घ्या.

कढईच्या तळाला खरवड लागलेली असेल, तपकिरी, चिकटलेली. ती धुऊ नका, पुसू नका, अर्धी चव तिच्यात आहे.

त्याच कढईत चमचाभर तेल, गॅस मध्यम, कांदा आणि उरलेलं मीठ. कांद्याला पाणी सुटेल आणि त्या पाण्यानं खरवड आपोआप सुटायला लागेल, उलथण्यानं खरवडत राहा. सहा-सात मिनिटांत कांदा मऊ आणि कडेनं सोनेरी होतो. लसूण घाला, अर्धा मिनिट. मग गॅस मंद करून सगळे सुके मसाले (ओरेगॅनो सोडून) तेलात घाला आणि जेमतेम अर्धा मिनिट परता. मसाल्यांचा वास तेलात उतरतो म्हणून हे करायचं, खिम्यावर वरून भुरभुरला तर तो कच्चाच लागतो. पण काश्मिरी मिरची पटकन जळते, लाल रंग काळपटाकडे झुकायला लागला तर लगेच चमचाभर पाणी शिंपडा. वाटण केलं असेल तर ते ह्याच वेळी, आणि ते मात्र चार-पाच मिनिटं परतावं लागतं, दाट होऊन कडेनं तेल दिसेपर्यंत.

टोमॅटो पेस्ट असेल तर दोन मिनिटं परता, लाल रंग गडद विटकरी होतो. ताजे टोमॅटो असतील तर ते किसून घालायचे आणि तेल सुटेपर्यंत थांबायचं, दहा मिनिटं लागली तर लागू देत. इथे घाई केली की त्यांचं कच्चं पाणी खिम्यात जातं आणि आधी केलेली मेहनत वाया.

आता खिमा परत कढईत, ताटलीत साचलेल्या रसासकट, ओरेगॅनो, आणि अर्धा कप स्टॉक. ती हाडं आठवतात? सकाळीच अर्धा कांदा, दोन मिरी आणि चार कप पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास उकळून गाळून ठेवा. पाण्यानंही खिमा होतो, पण स्टॉकनं जो गोडसर दाटपणा येतो तो पाण्यानं येत नाही. गॅस बारीक, झाकण नाही, आठ ते दहा मिनिटं. ह्यात खिमा आतपर्यंत शिजतो आणि मसाला त्याला धरतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सियस दिसायला हवं, कोंबडीच्या खिम्याला एवढं लागतंच. नसेल तर सगळ्यात मोठा कण फोडून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये.

शेवटच्या दोन मिनिटांत मक्याचं पीठ तव्यावर कोरडं भाजून वरून भुरभुरवा. त्यानं रस दाट होतो आणि टाकोला साजेसा मक्याचा वास येतो, कॉर्नफ्लॉवरनं नुसता दाटपणा येतो. गॅस बंद करून एक टीस्पून माडाचं व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. लिंबू पण चालेल, पण माडाच्या व्हिनेगरला जो आंबूस गोल वास असतो तो ह्या मिरचीला फार शोभतो. आमसूल नको, त्याचा आंबटपणा वेगळा, माशाच्या कढीतला.

झालं की नाही कसं ओळखायचं? उलथणं कढईच्या मधून ओढा. मागे वाट पडली पाहिजे आणि दोन सेकंदांनी हळूहळू मिटली पाहिजे. लगेच मिटली तर पाणी जास्त, मिटलीच नाही तर दोन चमचे स्टॉक घाला. दुसरी खूण, चमचाभर खिमा ताटलीत ठेवून ताटली कलती करा, कडेनं फक्त नारिंगी तेलाची बारीक कड सुटावी, पाणी ओघळू नये. मग पाच मिनिटं तसाच ठेवा, गार होता होता तो रस आत ओढून घेतो.

धुराचा वास आवडत असेल तर करवंटीचा छोटा तुकडा गॅसवर लाल होईपर्यंत पेटवा, वाटीत ठेवून वाटी खिम्याच्या मधे, वर अर्धा चमचा तूप, झाकण, दोन मिनिटं. तिकडे धुरी दिलेली मिरची वापरतात, त्याच्या जवळ जाणारा वास येतो. खिडकी उघडी ठेवा.

बिघडलं तर

खारट झाला तर उकडलेला बटाटा बारीक फोडी करून मिसळा, मेक्सिकोतल्या पिकादिलो नावाच्या खिम्यात बटाटा असतोच, त्यामुळे विजोड लागत नाही. तिखट झाला तर आत काही घालत बसू नका, वरून दही जास्त द्या. पाणी राहिलं तर गॅस मोठा करून आटवा. कडू लागत असेल तर मसाला जळलाय, साखर-टोमॅटो घालून तो लपत नाही, त्यावर माझ्याकडे इलाज नाही. म्हणूनच मसाल्याच्या त्या अर्ध्या मिनिटात फोन उचलू नका.

टाको लावताना

कुरकुरीत मुडपलेले शेल, त्यात खिमा आणि किसलेलं चीझ, ही खरं तर अमेरिकेत रुळलेली पद्धत. मेक्सिकोत बहुतेक मक्याची मऊ तोर्तिया, म्हणजे पातळ पोळी असते, आणि तिचं पीठ चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं म्हणून ते चिकटपणा धरतं. आपलं साधं मक्याचं पीठ तसं धरत नाही, तडकतं. घरी करायचं तर दोन वाट्या मक्याचं पीठ, एक वाटी मैदा, मीठ, आणि उकळतं पाणी घालून भाकरीच्या उकडीसारखं मळा, झाकून वीस मिनिटं ठेवा, प्लास्टिकच्या दोन कागदांत ताटलीनं दाबून पुरीएवढ्या करा आणि कडक तव्यावर भाजा. भाजल्या भाजल्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर कडक होतात.

विकतचे शेल पावसाळ्यात पाकीट उघडल्यावर अर्ध्या तासात मऊ पडतात, आपली हवाच तशी. ओव्हन किंवा ओटीजीमध्ये १६० अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवा, आणि पाहुणे ताटावर बसल्यावरच काढा.

लावताना तळाला आधी बारीक चिरलेला कोबी, मग खिमा, मग बाकीचं. कोबी खाली असला की रस थेट शेलला लागत नाही आणि शेल टिकतो. एका टाकोला दोन चमचे खिमा पुरे. वरून कांदा (पातळ चिरून माडाचं व्हिनेगर, मीठ, साखर लावून अर्धा तास ठेवलेला), कोथिंबीर, लिंबू, आणि चक्का थोड्या दुधानं सैल करून. मे महिन्यात कच्ची कैरी किसून घाला, ॲवोकाडोची आठवण येणार नाही.

श्रावणात किंवा चवथीच्या दिवसांत आमच्याकडे हाच मसाला भिजवून पिळलेल्या सोयाबीनच्या चुऱ्यावर करते, क्रम तोच, फक्त तेल दुप्पट.

उरलेला खिमा ओट्यावर ठेवू नका. आपल्या उकाड्यात तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे, पसरट डब्यात म्हणजे लवकर गार होईल. फ्रीजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने नीट राहतो. मायक्रोवेव्हपेक्षा कढईत दोन चमचे पाणी घालून चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. आणि सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला आला की गरम पोयी (गोव्याचा गोल चपटा पाव) घ्या, ती आतून पोकळच असते, एका बाजूनं फाडायची, हा खिमा आणि तो आंबट कांदा भरायचा. आमच्याकडे आता ह्याच्यासाठी मुद्दाम पाव किलो जास्त करावा लागतो.